आमदारांनी सोसायटीत येऊन राज्याच्या कर्जाचा हिशोब सांगितला. आता त्यांना लेखी काय विचारायचं?

मानपाडेकर
२७ जुलै २०२५, रात्री ९.४२

आज सकाळी आमच्या संकुलाच्या क्लबहाऊसमध्ये मतदारसंघाचे आमदार येऊन गेले. पावसाळी अधिवेशन १८ तारखेला संपलं. त्यानंतर ते ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये फिरून अधिवेशनात काय झालं ते सांगताहेत. नाव आणि पक्ष मुद्दाम लिहीत नाही, प्रतिसादांतही कृपया आणू नका. विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो आणि तो पक्षांच्या भांडणात वाहून जाऊ नये असं वाटतं.

आधी चांगलं ते सांगते. लोकांनी खड्डे, पाणी आणि कासारवडवलीचं ट्रॅफिक यावर प्रश्न सुरू केले होते. तरी त्यांनी स्वतःहून राज्याचा खर्च आणि कर्ज हा विषय काढला आणि त्यावर बराच वेळ बोलले. असं करणारे लोकप्रतिनिधी मी फार पाहिलेले नाहीत.

त्यांनी वाटलेला चार पानी कार्यअहवाल समोर ठेवून लिहितेय. पहिली तीन पानं आमदार निधीतल्या कामांची आहेत: पेव्हर ब्लॉक, उद्यानातली खुली व्यायामशाळा, गटारांची झाकणं, हायमास्ट दिवे. प्रत्येक कामाशेजारी रक्कम आणि फोटो. चौथ्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात 'राज्याची आर्थिक स्थिती'. तिथे तीनच वाक्यं: २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा आहे, मार्च २०२६ अखेर राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, ते राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या (सरकारच्या नव्हे, राज्याच्या सगळ्या अर्थव्यवस्थेच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या) १८.८७ टक्के, म्हणजे मर्यादेत, असल्यामुळे काळजीचं कारण नाही.

तिन्ही आकडे बरोबर आहेत. १० मार्चला अर्थमंत्री अजित पवारांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात तेच आहेत. पण त्याच कागदांत शेजारी आणखी काही आकडे आहेत, ते अहवालात आले नाहीत. महसुली जमा, म्हणजे करांसारखं वर्षाचं उत्पन्न, ५,६०,९६४ कोटी. महसुली खर्च, म्हणजे वर्षाचा चालू खर्च, ६,०६,८५५ कोटी. म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. आणि राजकोषीय तूट, जी कर्ज काढूनच भरायची असते, ती १,३६,२३५ कोटी. भागाकार करून बघा. यंदा काढल्या जाणाऱ्या कर्जातल्या दर तीन रुपयांपैकी एक रुपया पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चात जाणार. त्या रुपयातून ना पूल होणार, ना धरण. फेडायचा मात्र पुढची दहा-वीस वर्षं.

मी हेच विचारायला उठले होते, पण माझ्या आधी सात-आठ जण रांगेत होते आणि त्यांना पुढच्या सोसायटीत जायचं होतं. म्हणाले, लेखी द्या, उत्तर देईन. म्हणून हा धागा. आमदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो. विधानसभेत मात्र ते ७ लाख कोटींच्या खर्चाला हात वर करून मंजुरी देतात. पाच कोटींना तीन पानं आणि सात लाख कोटींना अर्धं पान, हे प्रमाण मला पटत नाही. आपला आमदार त्या मंजुरीच्या वेळी काय बोलला, कशाला हो म्हणाला, हे मतदाराला कळायला हवं. नेमके प्रश्न कोणते द्यावेत? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा.

पामबीच_वाशी
२७ जुलै २०२५, रात्री १०.१५

धागा चांगला आहे, पण कर्जाचा आकडा बघून घाबरून जाऊ नका एवढं आधी म्हणतो. राज्याच्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याखाली तूट स्थूल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांत ठेवायची असते आणि एकूण कर्ज २५ टक्क्यांत. आपण दोन्ही मर्यादांच्या आत आहोत. पंजाबचं कर्ज त्यांच्या उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या वर आहे. मोठ्या राज्यांत महाराष्ट्र, गुजरात, ओडिशा यांची स्थिती कर्जाच्या बाबतीत सगळ्यांत बरी मानली जाते.

मी पायाभूत प्रकल्पांत नोकरी करतो. अटल सेतूला जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज आहे. ते काढलं नसतं तर आजही शिवडीहून उरणला जायला वाशी-बेलापूरचा फेरा पडला असता. ठाणे-बोरिवली बोगदा ११.८ किलोमीटरचा, खर्च १६,६०० कोटींच्या वर. तुमच्या ठाण्याची २९ किलोमीटरची वर्तुळाकार मेट्रो केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केली, ती १२,२०० कोटींची. ही कामं कोणतंही सरकार वर्षाच्या करातून करू शकत नाही. ज्यांना पुढची पन्नास वर्षं वापरायची आहेत त्यांनीही थोडं फेडावं, यात अन्याय नाही.

मानपाडेकर
२७ जुलै २०२५, रात्री १०.३१

@पामबीच_वाशी, तुमच्या एका वाक्याशीही माझा वाद नाही. बोगद्यासाठीचं कर्ज मला मान्यच आहे. माझा प्रश्न तिसऱ्या रुपयाचा आहे. आमच्या सोसायटीची मी खजिनदार आहे. लिफ्ट बदलायला कर्ज काढायचा ठराव आला तर मी सही करेन. वॉचमनचा पगार भागवायला कर्ज काढू म्हणाले तर सर्वसाधारण सभेत उभी राहून विरोध करेन. ४५,८९१ कोटी हा दुसऱ्या प्रकारातला पैसा आहे. १८.८७ टक्के हा आकडा दोन्ही प्रकार एकाच पोत्यात भरतो, म्हणून तो एकटा सांगून भागत नाही.

घणसोली_गावठाण
२८ जुलै २०२५, सकाळी ७.०८

सरळ बोला ना. लाडकी बहीण. २ कोटी बायकांना महिना १५०० म्हणजे वर्षाला ३६ हजार कोटी, यंदाची तरतूद तेवढीच आहे. तुमची महसुली तूट ४५ हजार. तीन-चतुर्थांशाहून जास्त तिथेच निघाली. ही योजना निवडणुकीच्या तोंडावर आणली, सगळ्यांना माहीत आहे. हे आमदारांना विचारायची हिंमत कोण करणार?

कळव्याची_शिक्षिका
२८ जुलै २०२५, सकाळी ८.२०

@घणसोली_गावठाण दादा, हिंमतीचा प्रश्न नाही. मी कळव्यात डोंगराच्या बाजूच्या वस्तीत संध्याकाळी चौथी ते सातवीचे वर्ग घेते. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की त्या दोन दिवसांत कोण कशाला पैसे देतं ते मी समोर बघते. एक ताई चार घरी धुणी-भांडी करतात. त्यांनी पहिल्या हप्त्यात मुलीचा चष्मा केला. वर्षभर ती मुलगी फळ्याजवळ येऊन वाचायची. नवऱ्याला न विचारता खर्च करता आलेले हे त्यांच्या आयुष्यातले पहिले पैसे, असं त्यांनीच मला सांगितलं. तेव्हा 'चालू खर्च' म्हटलं की तो वाया गेला असं कुणी समजू नये.

पण मलाही आमदारांना विचारायचं आहे, आणि ते या बायकांच्या बाजूने विचारायचं आहे. २१०० चं आश्वासन दिलं, तरतूद मात्र १५०० चीच ठेवली. मग वाढ कुठल्या पैशातून देणार होतात? दुसरं, मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. सरकारचं म्हणणं की लाभार्थ्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या महिला आहेत, त्यांचा खर्च त्या विभागाच्या लेखाशीर्षाखाली दाखवला. ठीक आहे, पण माझ्या वर्गातली दोन मुलं मागासवर्गीय वसतिगृहात जायची आहेत. आईला पंधराशे मिळाले आणि मुलाच्या वसतिगृहाचं अनुदान मागे पडलं, असं होणार नाही ना? याचं उत्तर मला हवंय.

घणसोली_गावठाण
२८ जुलै २०२५, सकाळी ८.४४

ताई, चष्म्याचं पटलं. माझा राग त्या बायकांवर नाहीच, पैसे कुठून येणार हे न सांगता घोषणा करणाऱ्यांवर आहे. तुमचा दुसरा प्रश्न पत्रात जायलाच पाहिजे.

निवृत्त_कोषागार
२८ जुलै २०२५, दुपारी १२.५०

आयुष्यभर कोषागारात बिलं पास केली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तूट एका योजनेमुळे झाली असं म्हणणं सोपं आहे, पण अपुरं आहे. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबींतच महसुली जमेतला निम्म्याहून अधिक रुपया संपतो. त्याला हात लावता येत नाही. एकट्या व्याजाचा यंदाचा अंदाज ६४ हजार कोटींच्या पुढे आहे. दिवसाला साधारण १७७ कोटी. राज्य आपले रोखे रिझर्व्ह बँकेमार्फत लिलावात विकतं, सहसा मंगळवारी, आणि व्याज सात टक्क्यांच्या आसपास पडतं. बहुतेक कर्ज याच खुल्या बाजारातलं आहे. उरलेलं अल्पबचतीचं, केंद्राचं, कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचं. राज्याला केंद्राचं देणं असेल तोवर नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते, ही घटनेच्या कलम २९३ ची तरतूद.

दुसरी गोष्ट, सगळ्यांचं लक्ष मार्चच्या अर्थसंकल्पावर असतं. मी तुम्हाला सांगतो, पुरवणी मागण्या बघा. यंदा अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, ३० जूनला, ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. अर्थसंकल्प मंजूर होऊन तीन-चार महिने झाले होते. गेल्या वर्षी जुलैत हाच आकडा ९४,८८९ कोटी होता, त्यात लाडकी बहिणीचे २५ हजार कोटी होते. यातली काही रक्कम नुसती जमाखर्चाची असते. यंदाचा निव्वळ भार ४० हजार ६०० कोटींच्या आसपास सांगितला गेला. पण तोही थोडका नाही. पुरवणी मागणी ही अनपेक्षित खर्चासाठी असते: पूर आला, न्यायालयाचा आदेश आला, केंद्राचा हिस्सा अचानक मिळाला. जो खर्च मार्चमध्येच दिसत होता तो जुलैत पुरवणीने आणला, तर मार्चमध्ये दाखवलेल्या तुटीला काय अर्थ राहिला?

आणि या मागण्या मंजूर कशा होतात ते पाहा. काही विभागांवर चर्चा होते, वेळ संपली की उरलेल्या मागण्या एकत्र मतास टाकल्या जातात. 'होय'चा आवाज येतो, मग तिजोरीतून पैसे काढायला परवानगी देणारं विनियोजन विधेयक, आणि हजारो कोटी मंजूर. सदस्याला कपात सूचना देता येते, म्हणजे या मागणीतून इतकी रक्कम कमी करा, कारण हे. मंजूर होत नाही सहसा, पण सभागृहाच्या कार्यवृत्तात नोंद राहते. तुमच्या आमदारांना विचारा, या टर्ममध्ये किती कपात सूचना दिल्या आणि कशावर? यातून आमदार खर्चाकडे किती बारकाईने बघतात ते कळतं.

तिसरी गोष्ट, हमी. ९ लाख ३२ हजार कोटींत महामंडळांची आणि प्राधिकरणांची कर्जं धरलेली नसतात. त्यातल्या काहींना राज्याची हमी असते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्याचा मोठा पैसा रस्ते विकास महामंडळाने कर्ज म्हणून उभारला. प्रकल्प चालला तर टोलमधून फिटेल. नाही चालला तर शेवटी तिजोरी आहेच. वाईट आहे असं म्हणत नाही, पण लोकांना 'एकूण कर्ज' सांगताना हमींचा आकडा शेजारी लिहावा. तो अर्थसंकल्पाच्या कागदांतच असतो.

राज्याच्या बाजूचीही एक गोष्ट सांगतो. कर्जफेडीसाठी रिझर्व्ह बँकेकडे जो एकत्रित निक्षेप निधी राज्यांनी ठेवायचा असतो, त्यात महाराष्ट्राची शिल्लक देशातल्या मोठ्या शिलकींपैकी आहे. ती शिस्त अनेक सरकारांनी पाळली. ती मोडू नये असं माझ्यासारख्याला वाटतं.

पामबीच_वाशी
२८ जुलै २०२५, दुपारी १.३०

निवृत्त_कोषागार काका, फार उपयोगी. हमींच्या बाबतीत एक जोडतो. राज्याच्या महामंडळाने काढलेलं कर्ज जर राज्याच्या तिजोरीतूनच फेडायचं असेल, तर ते राज्याच्या कर्जमर्यादेत धरायचं असा नियम केंद्राने २०२२ मध्ये केला. केरळ त्या वादात सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यामुळे कुठलं कर्ज टोल किंवा तिकिटातून फिटणार आणि कुठलं तिजोरीतून, ही विभागणी वित्त विभागाकडे असणारच. आमदारांनी मागितली तर मिळेल.

खारीगाव_कंत्राटदार
२८ जुलै २०२५, रात्री ९.०५

दिवसभर साइटवर होतो, आता सगळं वाचलं. एक कर्ज तुमच्यापैकी कुणीच धरलेलं नाही. आमचं.

मी छोटा कंत्राटदार. रस्त्याची, शाळा दुरुस्तीची, संरक्षक भिंतींची कामं करतो. एक काम गेल्या वर्षी जानेवारीत पूर्ण केलं. मोजमाप पुस्तकात नोंदी झाल्या, अभियंत्याची सही झाली, बिल विभागात गेलं. त्यानंतर दर वेळी एकच उत्तर: बीडीएसवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) निधी नाही. निधी पडतो तेव्हा एकूण देण्याच्या पाच-दहा टक्के पडतो, मग तो सगळ्या कंत्राटदारांत थोडा थोडा वाटतात. सिमेंटवाला मला उधारीवर दीड टक्का महिना लावतो. पोकलेनवाल्याचे हप्ते आहेत. माझ्या बायकोचे दागिने पतपेढीत आहेत. विभागाचं नाव लिहीत नाही, पुढची कामं तिथेच करायची आहेत.

आता तुम्हीच सांगा, हे पैसे सरकारने माझ्याकडून उसने घेतले की नाही? बिनव्याजी, बिनमुदतीचे, आणि कुठल्याही कर्जाच्या आकड्यात न येणारे. कंत्राटदार संघटना राज्यभरातल्या थकबाकीचा आकडा ८९ हजार कोटी सांगतात. तो संघटनेचा आकडा आहे, सरकारने मान्य केलेला नाही. पण माझ्या फायलीत माझा आकडा आहे, त्यावर सरकारी अभियंत्याची सही आहे.

असं का होतं तेही सांगतो. तरतूद शंभर रुपयांची असते आणि कार्यारंभ आदेश चारशे-पाचशेच्या कामांना दिले जातात. कारण प्रत्येक आमदाराला आपल्या भागात नारळ फोडायचा असतो. प्रशासकीय मान्यता मिळाली की फलक लागतो. पैसे पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. या महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण कंत्राटदाराने जीव दिला, ते तुम्ही वाचलंच असेल. पत्रात हे लिहा ताई. मतदारसंघात किती रकमेच्या कामांचे आदेश झालेत आणि त्यांतल्या किती रकमेची बिलं द्यायची राहिलीत? एवढं एक कोष्टक त्यांनी पुढच्या अहवालात छापावं.

मानपाडेकर
२८ जुलै २०२५, रात्री ९.३८

दादा, हा प्रश्न पत्रात सगळ्यांत वर जाईल. तीन पानांवर ज्या कामांचे फोटो आहेत त्यांतल्या किती कामांचे पैसे दिलेत, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या फोटोंतली एक संरक्षक भिंत तुमच्यासारख्याच कुणाच्या दागिन्यांवर उभी असेल तर मला ते माहीत असायला हवं.

प्रशासक
२८ जुलै २०२५, रात्री ११.१०

दोन प्रतिसाद काढले आहेत. धागाकर्तीने पक्ष आणि नावं टाळायला सांगितलं आहे, तेवढं पाळा. बाकी चर्चा उत्तम चालली आहे.

नौपाडा_ते_न्यूजर्सी
२९ जुलै २०२५, सकाळी ६.१५

नौपाड्यात वाढलो, आता बरीच वर्षं अमेरिकेत आहे. आमच्याकडे प्रतिनिधीगृहाचे सदस्य मतदारांना दर काही आठवड्यांनी ई-पत्र पाठवतात. त्यात सरकारी खर्च आणि राष्ट्रीय कर्ज हा ठरलेला विषय असतो. कर्ज ३६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात सरकारचा निव्वळ व्याजाचा खर्च संरक्षणखर्चापेक्षा जास्त झाला. मे महिन्यात मूडीज या पतमानांकन संस्थेनेही सर्वोच्च मानांकन काढून घेतलं. म्हणजे नुसती पत्रं पाठवून कर्ज आटोक्यात येत नाही, हे आम्ही बघतोय.

पण एक व्यवस्था इथे आहे आणि ती मला आपल्या राज्यात हवीशी वाटते. १९७४ च्या कायद्याने काँग्रेसचं स्वतःचं अर्थसंकल्प कार्यालय उभं केलं, सीबीओ म्हणतात. ते सरकारचं नाही, विधिमंडळाचं. मोठं विधेयक आलं की त्याने तूट किती वाढेल किंवा घटेल याचा अंदाज हे कार्यालय काढतं. या जुलैत सही झालेल्या कर आणि खर्चाच्या मोठ्या विधेयकाचंच बघा. सिनेटच्या मसुद्याने दहा वर्षांत सुमारे ३.३ लाख कोटी डॉलरनी तूट वाढेल, असं सीबीओने मतदानाआधीच जाहीर केलं होतं. विधेयक तरीही मंजूर झालं. पण ज्याने होय म्हटलं त्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणायला जागा राहिली नाही. माझ्या प्रतिनिधीला मी तो आकडा घालून पत्र लिहू शकलो.

महाराष्ट्रात आमदाराच्या हातात १० मार्चला पुस्तकांचा गठ्ठा पडतो आणि मार्च संपायच्या आत सगळं मंजूर करायचं असतं. एकट्या आमदाराने हे वाचायचं कसं? विधानमंडळात आमदारांना मदत करणारे अर्थसंकल्पाचे अभ्यासक नेमा अशी मागणी तुमचे आमदार करतील का, हे विचारून बघा.

निवृत्त_कोषागार
२९ जुलै २०२५, सकाळी १०.२२

सूचना चांगली. तोवर एक सोय आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था दरवर्षी प्रत्येक राज्याच्या अर्थसंकल्पाचं थोडक्यात विश्लेषण काढते, ते फुकट मिळतं. कॅगचा राज्य वित्तव्यवस्थेवरचा अहवाल विधिमंडळात मांडला जातो, मग लोकलेखा समितीकडे जातो. कुठल्या विभागाने तरतूद खर्चच केली नाही, कुठे उपयोगिता प्रमाणपत्रं (पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) वर्षानुवर्षं आलेली नाहीत, हे त्यात असतं. दुर्दैवाने तो अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत येतो आणि त्यावर चर्चा व्हायला वेळच उरत नाही.

बेलापूर_सेक्टर१५
२९ जुलै २०२५, दुपारी ३.४०

आमदार राज्याचे, पण शीर्षकात कर्जाचा विषय आहे म्हणून देशाचंही लिहून ठेवते. केंद्राचा २०२५-२६ चा खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात व्याज १२.७६ लाख कोटी. म्हणजे खर्चाच्या चार रुपयांतला एक रुपया व्याजाचा. अर्थसंकल्पातल्या 'रुपया कुठे जातो' या चित्रात व्याज २० पैसे दिसतं, कारण त्यात राज्यांना जाणारा करांचा हिस्साही धरतात. केंद्राचं कर्ज यंदा जीडीपीच्या ५६.१ टक्के धरलंय आणि मार्च २०३१ पर्यंत ते ५० टक्क्यांच्या आसपास आणायचं ठरवलंय. एन. के. सिंह समितीने २०१७ मध्ये केंद्राला ४० आणि राज्यांना २० टक्के सुचवले होते. त्या २० च्या जवळ आपण आहोत, हे खरं.

घोडबंदर_टँकर
२९ जुलै २०२५, रात्री ८.१५

एवढं सगळं वाचून एकच सांगावंसं वाटतं. नवी मुंबई महापालिकेने मोरबे धरण जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं, म्हणून आज बेलापूर-नेरूळकरांना स्वतःचं पाणी आहे. ठाणे महापालिकेला स्वतःचं धरण नाही. स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि भातसा, अशा चार ठिकाणांहून पाणी घ्यायचं. काळू आणि शाई धरणांच्या नुसत्या चर्चा ऐकत आम्ही मोठे झालो. घोडबंदरच्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जो पैसा ओततात, तो दरवर्षी जातो आणि मागे काहीच राहत नाही. ज्या वर्षी राज्य चालू खर्चासाठी ४५ हजार कोटींचं कर्ज काढतं, त्या वर्षी धरणासाठी कर्ज काढायची ताकद तेवढी कमी होते. मला महसुली तूट म्हणजे काय ते इथे कळतं. आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवक नाहीत, तुमच्या नवी मुंबईत तर २०२० पासून. महापालिकेत विचारणारं कुणी नसताना आमदारालाच विचारावं लागणार.

मानपाडेकर
३० जुलै २०२५, रात्री १०.२०

पत्राचा मसुदा टाकतेय. भाषा साधी ठेवली आहे.

"स. न. वि. वि. आपण २७ जुलै रोजी आमच्या संकुलात येऊन राज्याच्या खर्चाची व कर्जाची माहिती दिलीत, त्याबद्दल आम्ही रहिवासी आपले आभारी आहोत. आपल्या सूचनेनुसार काही प्रश्न लेखी देत आहोत. आपल्या कार्यअहवालातील व मतदारसंघातील इतर मंजूर कामांपैकी किती रकमेची बिले आजपर्यंत अदा झाली व किती थकीत आहेत? जून २०२५ च्या ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्यांपैकी कोणत्या मागण्यांवर आपण सभागृहात बोललात, व या टर्ममध्ये आपण कोणत्या कपात सूचना दिल्या? ४५,८९१ कोटींची महसुली तूट कोणत्या वर्षापर्यंत शून्यावर आणण्याचा शासनाचा आराखडा आहे? राज्याने दिलेल्या हमींची एकूण थकीत रक्कम किती, व त्यातील किती कर्ज तिजोरीतून फेडावे लागेल? लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय व आदिवासी विकास विभागांचा निधी वापरल्यामुळे वसतिगृहे व शिष्यवृत्ती यांच्या खर्चात कपात झाली आहे काय? अर्थसंकल्पाच्या छाननीसाठी विधानमंडळात स्वतंत्र अभ्यास कक्ष असावा अशी मागणी आपण हिवाळी अधिवेशनात कराल काय? आपल्या पुढील कार्यअहवालात या माहितीला किमान एक पूर्ण पान द्यावे ही विनंती."

काही राहिलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

घणसोली_गावठाण
३१ जुलै २०२५, सकाळी ७.२५

टोल राहिला. गेल्या १४ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून ऐरोली, वाशी, आनंदनगर धरून मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला. मी रोज ऐरोलीवरून जातो, माझे पंचेचाळीस रुपये वाचतात, मला आनंदच आहे. पण कंत्राटदाराचा करार चालू आहे, त्याची भरपाई सरकारवर येते. गाडी नसलेल्या माणसाच्या करातून माझा टोल भरला जाऊ नये. भरपाई किती आणि कशी, हे विचारा.

कळव्याची_शिक्षिका
३१ जुलै २०२५, सकाळी ९.०२

वसतिगृहाच्या प्रश्नात 'ठाणे जिल्ह्यातील' असं घाला ताई. राज्याचं विचारलं तर मोघम उत्तर येतं. जिल्ह्याचं विचारलं तर कुणाला तरी फाइल उघडावी लागते.

मानपाडेकर
४ ऑगस्ट २०२५, रात्री ८.५०

दोन्ही सूचना घातल्या. पत्रावर संकुलातल्या १४६ कुटुंबांच्या सह्या झाल्या. आज संपर्क कार्यालयात दिलं, पोच घेतली. स्वीय सहायक सगळं पत्र उभ्या उभ्या वाचून म्हणाले की बिलांचं कोष्टक कार्यकारी अभियंत्याकडून मागवतो, ते आधी देता येईल. हमी आणि पुरवणी मागण्यांचं उत्तर साहेब स्वतः देतील, अधिवेशनाआधी. मी तारीख मागितली. त्यांनी गणपतीनंतरची सांगितली आणि माझ्यासमोर डायरीत लिहून घेतली. वाशी, बेलापूर, कळव्याच्या लोकांनी हेच पत्र बदल करून आपापल्या आमदारांना द्यावं, मसुदा वर आहेच.

खारीगाव_कंत्राटदार
४ ऑगस्ट २०२५, रात्री ९.२७

कोष्टक मागवताना 'कार्यारंभ आदेशाची तारीख' आणि 'अंतिम मोजमापाची तारीख' असे दोन रकाने मागा. नुसतं 'प्रगतीपथावर' लिहून देतात, मग काम होऊन किती महिने झाले ते कळत नाही. मी उद्या तुम्हाला व्यक्तिगत निरोपात नमुना पाठवतो.